उड्डाणपोशाखाचा काळ कसा ओळखावा: युद्धोत्तर अमेरिकी हवाई दलाचे गणवेश, जाकिटे आणि ओव्हरऑल

अमेरिकी हवाई दलाचे एखादे जुने जाकीट ऑनलाइन लिलावात आले की त्याच्या वर्णनात ‘कोरियन युद्धातील’ किंवा ‘व्हिएतनाममधील’ हे शब्द ठरलेलेच असतात, आणि घेणारा त्या शब्दांवर भरवसा ठेवून पदरमोड करतो. मीही एकदा केली. ‘१९५९चे अस्सल एमए-१’ म्हणून घेतलेले जाकीट घरी आल्यावर त्याचे लेबल भिंगाखाली धरले, तेव्हा त्यावरचा कंत्राट क्रमांक ‘डीएसए’ या अक्षरांनी सुरू होत होता, त्यात वर्षाच्या जागी ५९ होते आणि साठा क्रमांक, म्हणजे लष्करी कोठारात वस्तूला दिलेला क्रमांक, तेरा अंकी होता. डीएसए ही सेनादलांसाठी खरेदी करणारी संस्था १९६१ साली स्थापन झाली, तेरा अंकी क्रमांक १९७४ मध्ये आले. म्हणजे एकाच लेबलावरच्या तीन नोंदी एकमेकींना खोटे पाडत होत्या. जाकीट नक्कल होते. पैसे गेले, पण पुढे ज्या पद्धतीने मी प्रत्येक वस्तू तपासू लागलो ती पद्धत त्या एका लेबलापासून सुरू झाली.

ज्याला स्केल मॉडेलमधला वैमानिक बरोबर रंगवायचा आहे, ज्याच्या हाती तारीख नसलेले छायाचित्र आहे आणि ज्याला खरी वस्तू विकत घ्यायची आहे, अशा तिघांनाही ही पद्धत उपयोगी पडेल. ती १९४७ पासून साधारण १९८० पर्यंतच्या कपड्यांना लागू होते. तिचे सूत्र असे, की कापडाचा रंग सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि सर्वांत जास्त फसवतो, म्हणून तो शेवटी पाहायचा. हा पोशाख घातलेला माणूस कोणत्या विमानात, किती उंचीवर आणि कोणत्या धोक्यात बसणार होता, आणि त्या गरजेची खूण कापडावर कुठे उमटली आहे, हे आधी पाहायचे. विमाने बदलली म्हणून पोशाख बदलले, त्यामुळे खिसा, पट्टी, गळपट्टी आणि झिप यांच्यात काळ अडकून राहिलेला असतो.

छायाचित्र हाती असेल तर आधी गणवेश

अमेरिकी हवाई दल १८ सप्टेंबर १९४७ रोजी भूदलापासून स्वतंत्र झाले, पण कपडे त्या दिवशी बदलले नाहीत. पुढची काही वर्षे अधिकारी आणि जवान भूदलाच्याच ऑलिव्ह आणि खाकी गणवेशात वावरत होते. निळ्या गणवेशाला जानेवारी १९४९ मध्ये मंजुरी मिळाली. त्या वेळी हॉइट व्हँडेनबर्ग हवाई दलाचे प्रमुख होते आणि स्टुअर्ट सायमिंग्टन त्या खात्याचे सचिव होते. या निळ्या छटेला ८४ हा क्रमांक होता. बटणे सोनेरीऐवजी चांदीच्या रंगाची झाली आणि भूदलाच्या कोटावर खांद्याजवळ शिवली जाणारी रंगीबेरंगी पथकचिन्हे नव्या कोटावरून गेली. मात्र एवढे कापड विणून आणि शिवून सर्वांपर्यंत पोचायला वेळ लागला, त्यामुळे १९५२ पर्यंतच्या छायाचित्रांत एकाच रांगेत निळा आणि ऑलिव्ह असे दोन्ही गणवेश दिसले तर बुचकळ्यात पडायचे कारण नाही.

या संक्रमणकाळाची सर्वांत पक्की खूण बाहीवर असते. जवान आणि सार्जंट यांच्या दर्जाच्या पट्ट्या मार्च १९४८ मध्ये बदलल्या. वॉशिंग्टनच्या बोलिंग तळावर दीडशे जणांपुढे निरनिराळे नमुने ठेवले गेले आणि त्यांपैकी ५५ टक्के लोकांनी निवडलेला नमुना व्हँडेनबर्ग यांनी मान्य केला: मध्यभागी वर्तुळात तारा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या वर झेपावणाऱ्या चंदेरी पट्ट्या. भूदलाच्या पट्ट्यांचे टोक वर असते, या पट्ट्यांचे टोक खाली असते, त्यामुळे धूसर कृष्णधवल छायाचित्रातही दोन्हींतला फरक कळतो. अंगात भूदलाचा जुना गणवेश आणि बाहीवर या नव्या पट्ट्या असे एकत्र दिसले, तर ते छायाचित्र १९४८ चा वसंत ते १९५२ या चार-साडेचार वर्षांतले आहे असे निःशंक म्हणता येते. इतकी अरुंद मुदत देणारी दुसरी खूण मला अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या टोकालाही अशीच एक खूण आहे. १९९१ पर्यंत मास्टर सार्जंटच्या सहाही पट्ट्या खालच्या बाजूला होत्या. १९९१ मध्ये त्या सहांतली एक पट्टी वर गेली. साधारण त्याच सुमारास प्रमुख मेरिल मॅकपीक यांनी अधिकाऱ्यांच्या कोटावर नौदलासारख्या बाहीच्या चंदेरी फिती आणल्या, आणि १९९४ मध्ये ते निवृत्त झाल्यावर रोनाल्ड फोगलमन यांनी दर्जाची चिन्हे पुन्हा खांद्यावर नेली. म्हणून अमेरिकी हवाई दलाच्या अधिकाऱ्याच्या बाहीवर फिती दिसल्या की ते छायाचित्र १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातले समजावे. उन्हाळी खाकी गणवेश, ज्याला त्याच्या छटेवरून ‘१५०५’ म्हणत, तो १९७० चे दशक संपेपर्यंत दिसतो. तेवढ्यावरून काळ ठरवू नये, कारण त्याची मुदत फार लांब आहे.

लेबल वाचणे

कपडा प्रत्यक्ष हातात असेल तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी लेबल वाचावे. ते बहुधा मानेच्या आतल्या बाजूला असते. काही जाकिटांत ते आतल्या खिशाजवळही सापडते. उजेड तिरका पडू द्यावा, म्हणजे धुण्याने पुसट झालेली अक्षरेही उठून दिसतात, आणि काही करण्याआधी लेबलाचे छायाचित्र घ्यावे.

पहिल्या ओळीत वस्तूचे नाव असते आणि ते उलट क्रमाने लिहिलेले असते: आधी जात, मग प्रकार. ‘जॅकेट, फ्लायर्स, मॅन्स, इंटरमीजिएट, टाइप एमए-१’ किंवा ‘कव्हरऑल्स, फ्लाइंग, मॅन्स, व्हेरी लाइट, के-२बी’ अशी ही नावे. यातले ‘व्हेरी लाइट’, ‘लाइट’, ‘इंटरमीजिएट’ आणि ‘हेवी’ हे शब्द वजनाचे आहेत असा पुष्कळांचा समज होतो. ते तापमानाचे पट्टे आहेत. लाइट म्हणजे १० ते ३० अंश सेल्सिअस, इंटरमीजिएट म्हणजे उणे १० ते अधिक १०, हेवी म्हणजे उणे १० च्या खाली उणे ३० पर्यंत, आणि व्हेरी लाइट म्हणजे ३० अंशांच्या वरची उष्ण हवा. आद्याक्षरेही त्याच हिशेबाने दिलेली दिसतात: के मालिका अतिउष्ण हवेसाठी, एल मालिका सौम्य हवेसाठी आणि एन मालिका कडाक्याच्या थंडीसाठी. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की एल-२बी आणि एन-३बी ही नावे पाठ करावी लागत नाहीत.

‘मॅन्स’ हा शब्दही वाचण्यासारखा आहे. अमेरिकी हवाई दलात महिला वैमानिकांची पहिली तुकडी १९७७ मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. त्याआधीच्या तीस वर्षांत वैमानिकाचा पोशाख पुरुषाच्या अंगासाठीच बेतलेला होता आणि लेबलावर ते सरळ लिहिलेले होते.

नंतर कंत्राट क्रमांक पाहावा, कारण काळाचा खरा पुरावा तिथे असतो. १९४० च्या दशकाचा शेवट आणि १९५० चे दशक यांतल्या अनेक लेबलांवर ‘एएफ ३३’ ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. ही हवाई दलाने ओहायो राज्यातील डेटन येथून दिलेली कंत्राटे. त्यांत वर्ष उघड लिहिलेले नसते, म्हणून त्यांचा काळ इतर खुणांवरून ठरवावा लागतो. ऑक्टोबर १९६१ मध्ये डिफेन्स सप्लाय एजन्सी, म्हणजेच डीएसए, स्थापन झाली आणि तिन्ही सेनादलांच्या कपड्यांची खरेदी एका छताखाली आली. त्यानंतरचा क्रमांक ‘डीएसए-१००-६८-सी’ अशा धर्तीचा असतो. यातला १०० हा आकडा फिलाडेल्फियाच्या खरेदी केंद्राचा आहे आणि ६८ हे आर्थिक वर्ष आहे. इथे एक खाच आहे, जी अनुभवी संग्राहकांच्याही नजरेतून सुटते. त्या काळी अमेरिकी सरकारचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असे, म्हणून ६८ लिहिलेले कंत्राट १९६७ च्या जुलैपासून पुढे कधीही झालेले असू शकते; १ ऑक्टोबरला वर्ष सुरू करण्याची रीत १९७६ पासूनची आहे. शिवाय हे वर्ष कंत्राटाचे आहे. कपडा शिवून, कोठारात पडून, मग वैमानिकाच्या अंगावर जाईपर्यंत आणखी एक-दोन वर्षे सहज लोटतात. म्हणून ‘१९६८चे जाकीट’ असे न म्हणता ‘१९६८ च्या कंत्राटाचे’ म्हणावे.

जानेवारी १९७७ मध्ये त्या संस्थेचे नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झाले, आणि त्यानंतरची लेबले ‘डीएलए-१००’ ने सुरू होतात. साठा क्रमांकाचे गणित याहून सोपे आहे. अकरा अंक असतील तर कपडा १९७४ च्या आधीचा असतो आणि तेरा अंक असतील तर नंतरचा असतो. हे वाढलेले दोन अंक देशाचे असून ते पहिल्या चार अंकांनंतर येतात. अमेरिकेसाठी ते ०० किंवा ०१ असतात. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात, आणि या कपड्यांवर बहुधा ८४१५ दिसतो.

आता माझ्या त्या जाकिटाकडे पुन्हा पाहा. डीएसए, ५९ आणि तेरा अंक हे तिघे एका लेबलावर नांदूच शकत नाहीत. नक्कल करणारा बहुतेक वेळा चांगल्या लेबलाचा नमुना घेतो आणि गिऱ्हाइकाला आवडेल असे वर्ष त्यात घालतो, म्हणून तीन नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे हीच सर्वांत स्वस्त तपासणी आहे. जपानमध्ये बनणाऱ्या काही उत्तम प्रतिकृतींवर लेबलही जुन्या काळाचे हुबेहूब असते; त्या विकणारे त्या प्रतिकृती म्हणूनच विकतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या हाताने येताना ती माहिती गळून पडते. अशा वेळी शिवण, झिप आणि वापराच्या खुणाच कामी येतात.

जाकिटे: कातड्याकडून नायलॉनकडे

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांत जागा ऐसपैस होती आणि थंडी भयानक होती, म्हणून मेंढीच्या कातड्याची जाड जाकिटे चालून गेली. जेट विमानाचे कॉकपिट चिंचोळे होते. शिवाय जमिनीवर पावसाने किंवा घामाने भिजलेले कातडे उंचीवर गोठून कडक होत असे. नायलॉन हलके, पाणी झटकणारे आणि लवकर वाळणारे असल्यामुळे ते आले आणि टिकले.

बी-१५ हे या संक्रमणाचे जाकीट आहे: बाकी सारे कापडी, पण गळपट्टी लवेची. पॅराशूटचे पट्टे आणि हेल्मेट यांच्यामध्ये ही लवेची गळपट्टी अडचणीची ठरू लागली, म्हणून १९५० च्या दशकात आलेल्या एमए-१ मध्ये तिच्या जागी विणलेली लोकरी गळपट्टी बसवली गेली. दरम्यान वापरात असलेल्या बऱ्याच बी-१५ जाकिटांची लव उसवून तिथे विणीची पट्टी शिवली गेली. अशी बदललेली जाकिटे हाती आली तर गळ्याभोवतीची शिवण आतून पाहावी. दोऱ्याचा रंग आणि टाक्यांची लांबी बाकी जाकिटापेक्षा वेगळी असते, आणि पुष्कळदा जुन्या टाक्यांची रिकामी भोकेही दिसतात. काही जण याला खराबी समजून किंमत पाडून मागतात. माझ्या मते हाच त्या कपड्याचा सर्वांत बोलका भाग आहे, कारण एका गरजेतून दुसऱ्या गरजेकडे जाताना शिंप्याने घातलेला टाका त्यात प्रत्यक्ष दिसतो.

एमए-१ मध्ये काळ ओळखण्याच्या दोन जागा आहेत. सुरुवातीच्या जाकिटांवर छातीशी ऑक्सिजन मास्कची नळी अडकवण्यासाठी एक जीभ आणि संदेशवहनाची तार ओवण्यासाठी कापडी फासे शिवलेले असत. पुढे ही जोडणी पॅराशूटच्या पट्ट्यांवर गेली, त्यामुळे १९६० च्या दशकातल्या जाकिटांवरून जीभ आणि फासे दोन्ही नाहीसे झाले. दुसरी जागा अस्तराची आहे. आधीचे अस्तर बाहेरच्या कापडासारखेच हिरवट असे, आणि १९६० च्या सुमारास ते भडक नारिंगी झाले. विमानातून उडी टाकून खाली उतरलेल्या वैमानिकाने जाकीट उलटे घालावे म्हणजे शोधपथकाला तो दुरून दिसेल, हा त्यामागचा विचार होता. म्हणून कोरियन युद्धातल्या, म्हणजे १९५० ते १९५३ मधल्या, वैमानिकाच्या मॉडेलवर नारिंगी अस्तर रंगवू नये. ही चूक मी स्पर्धांमधल्या सुंदर मॉडेलवरही पाहिली आहे. डाव्या बाहीवरचा झिपचा खिसा आणि त्यावर पेन ठेवायच्या नळ्या मात्र सुरुवातीपासून आहेत, त्यांवरून काही ठरत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एमए-१ ची जागा सीडब्ल्यूयू-४५/पी या जाकिटाने घेतली. त्याची गळपट्टी कापडी आहे, पुढचे खिसे मोठे आणि झाकणाचे आहेत आणि अस्तर नारिंगी नाही.

ओव्हरऑल: सुती कापडातून आगीकडे

के-२बी हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७० च्या आसपासपर्यंत चाललेले उन्हाळी ओव्हरऑल, म्हणजे गळ्यापासून पायांपर्यंतचा एकसंध पोशाख. माझ्याकडचे के-२बी गुडघ्यापाशी आणि बसायच्या जागी इतके विरलेले आहे की उजेडासमोर धरले तर पलीकडचे दिसते. बाकी कापड धुऊन-धुऊन राखाडी पडले आहे, पण खिशाच्या झाकणाखाली मूळचा हिरवा रंग तसाच्या तसा आहे. डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला एक अरुंद, उभा खिसा आहे. त्यात नारिंगी मुठीचा चाकू दोरीने बांधून ठेवत, आणि त्याचे आकड्यासारखे पाते पॅराशूटच्या दोऱ्या कापण्यासाठी उघडेच ठेवायचे असे. माझ्या ओव्हरऑलच्या त्या खिशाच्या तळाशी पात्याच्या टोकाने घासून एक लहानसे भोक पडले आहे, आणि त्याभोवती कुणीतरी घाईने चार टाके घातले आहेत. खरेदीपूर्वी अशा जागा पाहाव्यात. वापराची झीज जिथे शरीर, पट्टा किंवा हत्यार घासते तिथेच असायला हवी. सर्वत्र सारखाच फिकटपणा असेल तर तो मुद्दाम आणलेला असण्याची शक्यता मोठी.

के-२बी सुती होते, आणि सुती कापड पेट घेते. जाकिटांचे नायलॉन त्याहून वाईट, कारण ते साधारण २६० अंशांना वितळते आणि कातडीला चिकटते. व्हिएतनाममध्ये भाजलेल्या वैमानिकांच्या जखमांनी हा प्रश्न टाळता येण्याजोगा ठेवला नाही. द्युपाँ कंपनीचे नोमेक्स १९६० च्या दशकात बाजारात आले. हे कापड वितळत नाही. सुमारे ३७० अंशांच्या पुढे त्याचा कोळसा होतो, आणि तो कोळशाचा थर काही सेकंद कातडी आणि ज्वाला यांच्यामध्ये उभा राहतो. तेवढे सेकंद कॉकपिटमधून बाहेर पडायला पुरतात. नोमेक्सचे सीडब्ल्यूयू-२७/पी हे ओव्हरऑल पुढे अनेक दशके चालले. त्याच्या लेबलावरची ओळ के-२बी च्या ओळीशेजारी ठेवून वाचावी: ‘व्हेरी लाइट’ च्या जागी ‘समर, फायर रेझिस्टंट’ आले. १९५० च्या दशकात पोशाखाचे वर्णन हवेच्या तापमानाने होत होते, १९७० च्या दशकात ते आगीने होऊ लागले.

दुरून पाहताना दोन्ही ओव्हरऑल सारखीच दिसतात, कारण तिरक्या झिप आणि नडगीवरचे खिसे दोन्हींवर आहेत. छायाचित्रात फरक कळतो तो कंबर आणि मनगटाशी: सीडब्ल्यूयू-२७/पी वर वेल्क्रोच्या पट्ट्या असतात. आणखी एक सावधगिरी बाळगावी. व्हिएतनाम युद्धात थायलंडमधल्या तळांवरच्या स्क्वाड्रन स्थानिक शिंप्यांकडून आपापल्या रंगाची ओव्हरऑल शिवून घेत, त्यांवर भरपूर कशिदा असे, आणि ती समारंभात आणि मेजवानीत घातली जात. लाल, काळे किंवा जांभळे ओव्हरऑल घातलेल्या वैमानिकाचे छायाचित्र दिसले तर ते उड्डाणाचे कपडे समजून मॉडेल रंगवू नये.

नळ्या, लेस आणि दाब

कमरेच्या डाव्या बाजूने एक जाड नळी लोंबत असेल तर वैमानिकाने जी-सूट घातला आहे. विमान वेगात वळते तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते, मेंदूचा पुरवठा तुटतो आणि आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, मग शुद्ध हरपते. जी-सूटमध्ये पोट, मांड्या आणि पोटऱ्या यांवर पाच फुगे असतात. वळण घेताच इंजिनमधून आलेली हवा झडपेतून त्यांत शिरते, ते आवळले जातात आणि रक्त वरच राहते. यामुळे वैमानिकाची सहनशक्ती साधारण एक ते दीड जी इतकी वाढते (एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतकी ओढ). आकडा लहान वाटतो, पण कोरियात अमेरिकी सेबर विमानांच्या वैमानिकांना हा पोशाख होता आणि समोरच्या मिग-१५ मधल्यांना नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर येथील डेव्हिड क्लार्क कंपनीने या कामात मोठी भर घातली. सुरुवातीचे काही जी-सूट ओव्हरऑलमध्येच शिवलेले होते. पुढे गुडघे आणि जांघ मोकळी ठेवणारा, ओव्हरऑलवर चढवायचा सुटा प्रकार रूढ झाला.

हाता-पायांच्या बाहेरून लांब नळ्या गेल्या असतील आणि त्यांच्या शेजारी बुटासारख्या लेस असतील, तर तो अंशदाब पोशाख. तो दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॉ. जेम्स हेन्री यांच्या कल्पनेतून आला. सुमारे १९ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब इतका कमी होतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळते, त्यामुळे कॉकपिटची हवा गेली तर पोशाखानेच शरीर आवळून धरावे लागते. बाहेरच्या नळ्या फुगल्या की आडव्या फिती ताणल्या जातात आणि सारा पोशाख अंगावर घट्ट बसतो. ऑगस्ट १९४९ मध्ये वैमानिक फ्रँक एव्हरेस्ट एक्स-१ या प्रायोगिक रॉकेट विमानातून साधारण ६९,००० फुटांवर असताना कॉकपिटचे आवरण तडकून हवा गेली, आणि या पोशाखाने त्यांना जिवंत खाली आणले. १९६० मध्ये जोसेफ किटिंगर यांनी १,०२,८०० फुटांवरून फुग्यातून उडी घेतली तेव्हा त्यांच्या उजव्या हातमोज्यात दाब भरला नाही आणि हात सुजून निकामी झाला. बाकी शरीर पोशाखाने सांभाळले. ओळखताना एक बाब ध्यानात ठेवावी: यू-२ या अतिउंचीवरून टेहळणी करणाऱ्या विमानाचे वैमानिक या पोशाखावर साधे ओव्हरऑल चढवत, त्यामुळे लेस आणि नळ्या झाकल्या जात. तेव्हा हेल्मेटची घट्ट मानपट्टी आणि ओव्हरऑलखालचा उंचवटा पाहावा.

आपल्या वाचकांना हा पोशाख अनोळखी वाटायचे कारण नाही. १९६३ मध्ये भारतीय हवाई दलाच्या २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये मिग-२१ दाखल झाली, ज्यांची बांधणी पुढे नाशिकजवळ ओझरला झाली, आणि त्या काळच्या वैमानिकांच्या छायाचित्रांत सोव्हिएत बनावटीचे असेच लेसचे पोशाख दिसतात. तत्त्व एकच, घडण वेगळी. म्हणून अमेरिकी नावे त्यांना लावू नयेत.

शेवटी रंग

एवढे झाल्यावर रंगाकडे वळावे. भूदलाच्या वारशाने आलेला ऑलिव्ह, मग १९५० च्या आसपास नव्या निळ्या गणवेशाला साजेसा निळा, आणि कोरियन युद्धाच्या सुमारास करडट हिरवा, ज्याला सेज ग्रीन म्हणतात, असा क्रम ढोबळमानाने आहे. आकाशात शोभणारा निळा रंग शत्रूच्या मुलखात उतरलेल्या माणसाला लपवत नाही, हे त्या युद्धाने शिकवले असे मानले जाते. जाकिटांच्या नावांत हा क्रम छान दिसतो: एल-२ ऑलिव्ह, एल-२ए निळे, एल-२बी करडट हिरवे, एन-२ आणि एन-३ मालिकांतही साधारण तसेच. कृष्णधवल छायाचित्रात गडद निळे जाकीट काळे दिसते आणि धुतलेले हिरवे जवळजवळ पांढरे दिसते, तेव्हा तिथे नावाच्या शेवटच्या अक्षराचा अंदाज रंगावरून करू नये. नारिंगी ओव्हरऑलही हवाई दल आणि नौदल दोन्हींकडे होती, त्यामुळे नारिंगी म्हणजे नौदल हा ठोकताळाही धरू नये.

आपल्या हवेत जपणूक

हे कपडे कोरड्या हवेत टिकले. कोकणात, मुंबईत किंवा पुण्याच्या पावसाळ्यातही त्यांना बुरशी लवकर धरते. जून लागण्याआधी ते सावलीत वारा देऊन, धातूच्या झिप कोरड्या फडक्याने पुसून, न रंगवलेल्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून ठेवावेत आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेला कपडा आतल्या दमटपणाने कुजतो. एमए-१ च्या विणीच्या पट्ट्या लोकरी असल्यामुळे कसर आधी तिथेच लागते. डांबरगोळ्या ठेवायच्या तर वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवाव्यात, कापडाला टेकू देऊ नयेत. जाकीट हँगरला न लावता आडवे ठेवावे, नाहीतर ओल्या हवेत खांदे ओघळतात. नोमेक्सचे ओव्हरऑल अजून वापरात असेल तर त्याला खळ कधीही लावू नये, कारण खळ पेट घेते आणि कापडाचा मूळ उपयोगच संपतो.

जी-सूट असेल तर त्यातले फुगे रबराचे आहेत हे विसरू नये. ते फुगवून पाहण्याचा मोह होतो, पण पन्नास-साठ वर्षांचे रबर घड्यांवर तडकते आणि एकदा तडकले की सांधता येत नाही. घड्यांमध्ये मऊ सुती कापडाच्या गुंडाळ्या घालून, नळी न मुडपता, तो सपाट खणात ठेवावा, आणि त्याच्या लेबलाचे छायाचित्र, मिळाल्याची तारीख आणि देणाऱ्याने सांगितलेली हकिगत एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच खणात ठेवावी.